पाचातले तीन

गप्प बसणं माझ्या स्वभावातच नाही. आमच्या अ‍ॅशबी गावात कुणालाही विचारा, डोरीन क्वामचं तोंड कधी बंद असतं का. लोक आधी हसतील, मग म्हणतील, "झोपेत असेल कदाचित." बेचाळीस वर्षं गाई सांभाळल्या. नवरा गेल्यावर गाई विकल्या, पण रिकामं बसवेना, म्हणून काउंटीच्या एकवीस जणांच्या बोर्डावर निवडून आले. तिथं माझ्या गळ्यात पडली शेती विस्तार, युवक आणि रिसायकलिंग कमिटी. लोक तिला 'पिकं, पोरं आणि कचरा' म्हणतात. आम्ही पाच सभासद, मी अध्यक्ष. म्हणजे बोलणं हेच माझं काम. आणि गेल्या जुलैत, नेमकं जिथं बोलायला हवं होतं तिथं, माझी दातखीळ बसली.

त्याचं कारण डुकरांचा गोठा. म्हणजे त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. शुक्रवारी संध्याकाळी तळलेले मासे खायला सगळं गाव हॉटेलात जमतं, तसे आम्हीही गेलो होतो. मी, एल्डन फ्रिट्झ आणि मार्सेला ओट, तिघं एका टेबलाशी. तिघंही कमिटीचे सभासद. मार्सेला म्हणाली, "जत्रेच्या मैदानावरचा डुकरांचा गोठा गळतोय, पोरांची प्रदर्शनाची डुकरं भिजतील." एल्डन म्हणाला, "पत्रे बदलू या." मी म्हणाले, "गुरुवारी आणते ठराव." बस, एवढंच. पण शेजारच्या टेबलावर आमचाच चौथा सभासद गॉर्डन पेल्की मासा खात बसला होता. कायदा असा आहे की पाचातले तीन सभासद कुठंही जमून कमिटीपुढच्या विषयावर बोलले की ती झाली बैठक. मग ते चर्चच्या पायरीवर असोत की कुणाच्या मातीला. आणि बैठकीची सूचना चोवीस तास आधी फळ्यावर नसेल तर तो गुन्हा. गॉर्डननं तक्रार केली. आम्हाला खिशातून दंड, पेपरात तिघांचे फोटो, आणि ठराव रद्द. जत्रेत पोरांनी डुकरं तंबूत, चिखलात आणली. एका पोरीचं डुक्कर घसरलं, त्याचा पाय मोडला आणि ते तिथंच संपवावं लागलं. ती पोर रडली ना, ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

तेव्हापासून आम्ही तिघं एकमेकांना रस्त्यात दिसलो तरी हवापाण्यावर बोलून सटकायचो.

आता नॉर्बबद्दल सांगते, कारण हे सगळं त्याच्यामुळंच आहे. नॉर्ब झिमा, वय बहात्तर. अ‍ॅशबीच्या रिसायकलिंग केंद्राचा राखणदार. केंद्र म्हणजे काय, तर एक शेड, सहा मोठ्या पेट्या, डबे दाबायचं एक यंत्र आणि नॉर्बची लाकडी खुर्ची. बुधवारी आणि शनिवारी उघडं. चार वर्षांपूर्वी त्याची बायको लॉरेटा गेली, आणि तेव्हापासून तो दाढी फक्त बुधवारी आणि शनिवारीच करायचा. बाकीचे पाच दिवस दाढी करण्यासारखं काही नव्हतंच त्या माणसाला.

पण त्या दोन दिवशी काय तोरा! प्रत्येक बरणी उजेडात धरून बघायचा. "डोरीन, ही लोणच्याची बरणी धुतलीस की तिला नुसतं पाणी दाखवलंस?" मी म्हणायचे, "मेल्या, त्यात जेवायचंय का तुला?" मग तो ती बरणी मला परत द्यायचा. खरंच परत द्यायचा! चाळीस वर्षांची ओळख, पण बरणी परत म्हणजे परत. फवारणीच्या औषधाचे कॅन तर तीनदा खळखळून धुतलेले, झाकण काढलेले आणि तळाला भोक पाडलेले असल्याशिवाय हातात घ्यायचा नाही. युवक क्लबच्या पोरापोरींना त्यानंच शिकवलं सगळं, आणि ती पोरं घरी जाऊन आईबापांना शिकवू लागली.

मे महिन्यात तळ्याकाठच्या बंगलेवाल्यांपैकी एकजण आला. पिशवीत दुधाच्या कॅनखाली तणनाशकाचे कॅन लपवलेले, आत गुलाबी औषध डुचमळतंय. नॉर्ब नाही म्हणाला. त्या गृहस्थानं पिशवी तिथंच टाकली आणि गाडीत बसायला निघाला. नॉर्बनं पिशवी उचलली आणि खिडकीतून आत भिरकावली. झाकण सैल होतं. गाडीची आतली गादी पांढऱ्या चामड्याची होती. होती म्हणजे तोपर्यंत होती.

झालं. तक्रार आली. गॉर्डन तळ्याकाठचे प्लॉट विकतो, त्यामुळं ती त्यानं डोक्यावरच घेतली. नॉर्बची मुदत जुलैअखेर संपत होती. त्याला पुढं ठेवायचं तर कमिटीत तीन हात वर व्हायला हवेत. गॉर्डन विरुद्ध, आणि रॉजर हूप गॉर्डन दाखवील तिकडं. म्हणजे उरलो आम्ही तिघं, आणि तिघांचेही हात लागणार. मी ठेवणारच होते, प्रश्नच नव्हता. मार्सेला तीस वर्षं शाळेची बस चालवत होती, मनानं मऊ आहे. ती ठेवील असं वाटत होतं. पण एल्डन? एल्डनचं आणि नॉर्बचं कुंपणावरून एकदा वाजलं होतं, आणि एल्डनच्या चेहऱ्यावरून काही कळेल तर शपथ. विचारायची सोय नाही. त्यात काउंटीच्या वकीलबाईंनी बजावलं होतं, "ही तक्रारीची सुनावणी आहे. ज्यानं आपलं मत आधी बाहेर सांगितलं, त्याला मतदान करता येणार नाही." म्हणजे दोघांत चौघांत सोडा, एकट्या नॉर्बलाही सांगायचं नाही. तीन आठवडे जिवाची नुसती घालमेल. भांडी घासता घासता मी एल्डनशी भांडायचे, मोठ्यानं, एकटीच.

सुनावणी गुरुवारी होती. सोमवारी सकाळी एल्डनची बायको बर्नीस हिचा फोन आला. "डोरीन, गवत वाळून पडलंय आणि चारला पाऊस सांगितलाय. ये." आमच्याकडं असा फोन आला की विचार करत नाहीत. हातमोजे घेतले आणि निघाले. पोचले तर ट्रॉलीवर एल्डन उभा, आणि शेजारी मार्सेला. पाचातले तीन! मी खालीच थबकले.

"चढ की," एल्डन म्हणाला.

"चढू ना?" मी म्हणाले.

"गवताला बंदी नाही," मार्सेला म्हणाली, पण आवाज तिचाही बारीकच.

बर्नीस ट्रॅक्टर चालवत होती, मागं यंत्र गवताचे गठ्ठे बांधून वर फेकत होतं, आणि आम्ही ते रचत होतो. तासभर आमच्यात जी बोलणी झाली ती लिहून ठेवली असती तर आम्हाला दंड लावणाऱ्या जिल्हा वकिलानंसुद्धा जांभई दिली असती. "ऊन आहे." "हो, आहे." "मका बरा दिसतोय." "बरा आहे." मी एल्डनच्या तोंडाकडं चोरून बघत होते. एकदा त्यानं ते पाहिलं आणि घाईघाईनं पाठ फिरवली.

आणि मग शेताच्या कडेनं नॉर्ब येताना दिसला. निळा शर्ट, चामड्याचे हातमोजे, लंगडत. त्यालाही बर्नीसचाच फोन. तिला कुठं कमिटी आणि कायदा! तिला चार माणसं हवी होती. एल्डननं हात दिला, नॉर्ब वर चढला, आणि मुकाट्यानं कामाला लागला. बहात्तरीचा माणूस, पण गठ्ठे असे बसवायचा की सुई जायची नाही मध्ये.

दुसरी फेरी अर्धी झाली असेल, यंत्रात दोरी गुंतली. बर्नीसनं सगळं बंद केलं आणि खाली उतरून यंत्रात डोकं घातलं. इतका वेळ कान किटले होते, आता एकदम शांत. नॉर्ब गठ्ठ्यावर बसला. टोपी काढली, घाम पुसला.

"गुरुवारी माझं काय करणार आहात रे?" त्यानं विचारलं. साधंच विचारलं, जेवायला काय आहे असं विचारावं तसं.

एल्डन एका गठ्ठ्याची गाठ तपासू लागला. मार्सेलानं पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि ती काही खाली घेईना. नॉर्बनं माझ्याकडं पाहिलं.

मी आभाळाकडं बघितलं. "पाऊस येईलसं वाटतं," मी म्हणाले.

"हं," तो म्हणाला. मग म्हणाला, "अगं, एवढंच सांग. कामाचे बूट नवे घेऊ की नको? जुन्यांचे तळ गेलेत. उगाच घ्यायला नको म्हणून विचारतोय."

माझ्या जिभेवर आलं होतं. घे रे बाबा, दोन जोड घे! पण मला तंबू दिसला, चिखल दिसला, पेपरातला माझा तो वेंधळा फोटो दिसला, आणि गुरुवारी गॉर्डन बोट रोखून विचारतोय तेही दिसलं. तीन हातांतला एक गेला की नॉर्ब गेला. मी ओठ गच्च मिटले. आम्ही तिघंही तिथं मेलेल्यासारखे उभे राहिलो. नॉर्बनं एकेकाकडं बघून घेतलं, सावकाश, आणि टोपी डोक्यावर चढवली.

त्यानंही पेपर वाचला होता म्हणा. सगळ्या काउंटीनं वाचला होता. पण डुकरांच्या गोठ्याचा कायदा आपल्यालाही लागतो, आणि तोही गवताच्या ट्रॉलीवर, हे त्या माणसाच्या ध्यानात यायचं कसं?

शेवटचा गठ्ठा आत जाईपर्यंत तो राबला. मग बर्नीसनं अंगणात हॅमचे सँडविच आणि बटाट्याचं सॅलड मांडलं, पण तो थांबला नाही. "लॉरेटाच्या फुलांना पाणी घालायचंय," म्हणाला. पश्चिमेकडून काळंकुट्ट आभाळ चालून येत होतं आणि हा फुलांना पाणी घालायला निघाला! मला तेव्हाच टोचलं काहीतरी. पण मी सॅलड वाढून घेतलं.

मंगळवार कसातरी गेला. बुधवारी मी मुद्दाम तीन बरण्या घेऊन केंद्रावर गेले, त्यातली एक तर जाणूनबुजून चिकट. म्हटलं, ओरडू दे माझ्यावर, म्हणजे मला बरं वाटेल. नॉर्बनं दाढी केली होती. क्लबच्या दोन मुलींना डबे दाबायचं यंत्र चालू कसं करायचं, बंद कसं करायचं, दांडा अडकला तर काय करायचं ते दाखवत होता. माझ्या बरण्या घेतल्या आणि न बघता पेटीत टाकल्या.

"अरे, बघ तरी," मी म्हणाले.

"ठीकच असणार तुझ्या," तो म्हणाला.

चाळीस वर्षांत तो माझ्याशी इतकं सभ्यपणे कधी वागला नव्हता. मी गाडीत जाऊन बसले. पुन्हा उतरले. पुन्हा बसले. एकीनं एकाला सांगणं ही काही बैठक होत नाही, हे मला पाठ होतं. पण उद्या विचारतील, कुणी आपलं मत कुणाला सांगितलंय का, आणि मला खोटं बोलता येत नाही, आला राग तर आणखीनच येत नाही. एकच दिवस, मी स्वतःला म्हटलं. एका दिवसानं काय होतंय? उद्या या वेळी मी स्वतः येऊन त्याच्या पाठीत धपका घालीन. आणि गाडी सुरू केली. चौकापर्यंत गेले, वळून परत आले, त्याला पाहिलं, आणि पुन्हा निघून गेले. त्या मुली माझ्याकडं बघून हसत होत्या.

गुरुवारी दुपारी तीनला बैठक. शेती विस्तारवाल्यांनी मातीच्या नमुन्यांचं सांगितलं. युवक विभागाच्या बाईनं यंदा जत्रेत सशांचे पिंजरे किती लागतील ते सांगितलं, आणि रॉजर हूपनं सशांवर तीन प्रश्न विचारले. वर्षभरात त्यानं पहिल्यांदाच तोंड उघडलं ते सशांसाठी! मला खुर्चीत बसवेना. दाराकडं बघत होते, नॉर्ब कसा आला नाही अजून.

"विषय सात," मी म्हणाले. "अ‍ॅशबी केंद्राच्या राखणदाराविरुद्ध तक्रार आणि त्याची पुढची नेमणूक."

कारकून जेनिस उठली. तिच्या हातात कागद होता. "अध्यक्षबाई, याबाबत आज सकाळी पत्र आलंय," ती म्हणाली आणि वाचू लागली. चारच ओळी. 'मी माझं नाव मागे घेत आहे. कमिटीतले काही लोक माझे जुने स्नेही आहेत. माझ्याविरुद्ध हात वर करायची वेळ त्यांच्यावर येऊ नये अशी माझी इच्छा आहे. यंत्राची किल्ली खुर्चीखालच्या डब्यात आहे. नॉर्बर्ट झिमा.'

मग एल्डनचा आवाज फुटला. "पण मी त्याला ठेवणार होतो! अहो, मी त्याच्या बाजूनं हात वर करणार होतो!"

"मी पण," मार्सेला म्हणाली, आणि तोंडावर रुमाल धरून रडायलाच लागली.

"थांबा, थांबा," वकीलबाई म्हणाल्या. "पत्र दाखल झालंय. आता नाव नाही, तर ठरावही नाही. ही चर्चा आज विषयपत्रिकेवर येत नाही."

"मग पुढच्या महिन्यात घेऊ!" मी ओरडले.

"जागा रिकामी झाली की ती रद्द होते, मिसेस क्वाम. हिवाळ्यात बोर्डानंच नियम केलाय. पुन्हा उघडायची तर एकवीस सभासदांपुढं जावं लागेल."

माहीत होतं मला. त्या नियमाला मीही हात वर केला होता, काटकसरीच्या भरात. केंद्रावर आता बिनमाणसाची एक पेटी ठेवणार, आत कोण काय टाकतंय देव जाणे. गॉर्डनसुद्धा हसला नाही, हे कबूल करायला हवं. तो पेनाचं टोपण लावत, काढत बसला होता. आणखी दोन विषय शिल्लक होते. मी बैठक संपली म्हणून सांगितलं, पिशवी उचलली आणि निघाले. मागून कोण काय म्हणालं ते ऐकलं नाही.

नॉर्ब घराच्या पायरीवर वाटाणे सोलत बसला होता. गुरुवार, दाढीचे खुंट वाढलेले. मला पाहून सरकला, जागा केली.

"पत्र मिळालं ना?" तो म्हणाला. "बरं झालं. सोमवारी तुमची तोंडं बघितली मी, फार वाईट वाटलं गं. खोटं काही बोलला नाहीत तुम्ही तिघं, ते चांगलं केलंत. दुसऱ्या कुणी तोंडावर गोड बोलून घेतलं असतं. म्हटलं, यांना कशाला पेपरात आणायचं पुन्हा."

"नॉर्ब, अरे गाढवा," मी म्हणाले. "आम्हाला बोलायची बंदी होती! तिघं एकत्र होतो ना. आणि आधी सांगितलं असतं तर माझं मत बाद झालं असतं. मी तुला ठेवणार होते. मार्सेला ठेवणार होती. एल्डनसुद्धा ठेवणार होता, आता सगळ्यांसमोर ओरडला तो."

त्याच्या हातातली शेंग तशीच राहिली. "मला वाटलं, तो कायदा टेबलाशी बसल्यावरचा आहे," तो म्हणाला.

"पत्र मागे घे. मी बोर्डापुढं जाते. एकवीसच्या एकवीस जणांच्या घरी जाते, बघच तू."

"नको," तो म्हणाला. "माझ्यासाठी दारोदार फिरू नकोस. ते नको मला."

मी पुष्कळ बोलले. हवं तेव्हा जे निघालं नाही ते सगळं आता धो धो निघत होतं. शिव्या दिल्या, कायद्याला, गॉर्डनला, मला. तो मान हलवत ऐकत राहिला, मला वाटतं निम्मं त्यानं ऐकलंच नसेल. शेवटी माझी मीच थकले.

"तीन हात म्हणालीस?" त्यानं विचारलं.

"तीन."

"आणि लागत होते किती?"

"तीनच."

त्यानं वाटाण्याचं भांडं पायरीवर खाली ठेवलं. दोन्ही हात मांड्यांवर दाबून धरले.

"म्हणजे मी राहिलो असतो," तो म्हणाला.

"हो, नॉर्ब," मी म्हणाले. "राहिला असतास."